पंचवीस डिसेंबरचा पुरावा

नाताळ पंचवीस डिसेंबरलाच का असतो, यावर दहा ओळी लिहून द्या, असं आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो असतो, तर पुढचा सगळा मनस्ताप वाचला असता. तसं मी दोनदा 'नको हो' म्हणालो. पण ते इतक्या हळू म्हणालो की सेक्रेटरींना ऐकू जाऊ नये, आणि मग लगेच किती तारखेपर्यंत हवंय म्हणून विचारलं. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी इमारतीतले लोक एकत्र चहा घेतात. त्यानिमित्त सूचनाफलकावर काहीतरी माहितीपर मजकूर असावा, अशी यंदा सेक्रेटरींना हौस आली होती. त्या फलकावर आजवर पाणी, लिफ्ट आणि पार्किंग या तीनच विषयांवर लेखन झालं होतं. चौथा विषय माझ्या हातून सुरू व्हावा, या कल्पनेनं मी जरा सुखावलो होतो हे कबूल करतो.

शिवाय विषय माझ्या प्रांतातला होता. मी जन्मनोंदणी कार्यालयात काम करतो. ज्यांच्या जन्मतारखेत घोळ असतो त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि तारीख मान्य की अमान्य हे मी लिहितो. एकोणीस वर्षं मी हेच करत आलोय. आमच्याकडे वशिला चालू नये म्हणून अर्जदाराचं नाव-पत्ता शेजारच्या टेबलावर ठेवून घेतात आणि माझ्याकडे फक्त क्रमांक, तारीख आणि जोडलेले कागद येतात. माणूस कोण आहे हे कळत नसल्यामुळे निर्णय फार सोपा जातो. बहुतेक अर्जांवर मी एकच वाक्य लिहितो, 'तारीख आहे, परंतु तारखेस आधार नाही.' हे वाक्य मी स्वतः तयार केलेलं आहे आणि साहेबांनी एकदा त्याची तारीफही केली होती. माझ्या साहित्यिक कारकिर्दीला तेवढीच दाद मिळालेली आहे.

रविवारी मी लिहायला बसलो. वाचनालयातून चार पुस्तकं आणली होती. वाचता वाचता माझे डोळे चमकायला लागले, कारण इतकं गुंतागुंतीचं प्रकरण एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावर आलं नव्हतं. बायबलात जन्माची हकीकत आहे, पण तारीख नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी दोन-तीनशे वर्षं त्या वाढदिवसाची फारशी फिकीरही केलेली दिसत नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीख ठामपणे दिसते ती रोममधल्या एका जुन्या दिनदर्शिकेत, आणि त्याच दिनदर्शिकेत त्याच तारखेला रोमन लोकांच्या अजिंक्य सूर्याचाही दिवस लिहिलेला आहे. एकाच दप्तरात एकाच तारखेवर दोन दावेदार. असं प्रकरण आमच्या कार्यालयात आलं असतं तर मी दोघांनाही परत पाठवलं असतं.

दहा ओळींची दोन पानं झाली. लिहिण्याच्या भरात मला एक गोष्ट लक्षात आली नाही. हात सवयीनं चालत होता, आणि सवय कार्यालयाची होती. त्यामुळे लेखात 'सदर अर्भक', 'जन्मस्थळी उपस्थित साक्षीदार' आणि 'कागदपत्रांची छाननी' असे शब्द आले, आणि शेवटी, समारोप झोकात व्हावा म्हणून, मी माझं ते खास वाक्य अधोरेखित करून टाकलं. तारीख आहे, परंतु तारखेस आधार नाही. खाली सही करायचाही मोह झाला होता, पण विनयानं फक्त मजला लिहिला.

सोमवारी सकाळी सेक्रेटरींनी लेख न वाचता त्यावर शिक्का मारला, फलकाच्या काचेआड लावला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून ते मुलीकडे आठ दिवस राहायला निघून गेले. आता इथे एक नियम सांगायला हवा. काही वर्षांपूर्वी पार्किंगबद्दलची एक सूचना कोणीतरी रागानं फाडली होती. तेव्हापासून सर्वसाधारण सभेचा ठराव आहे की शिक्का मारलेला कागद पंधरा दिवस फलकावरून हलवायचा नाही. फलकाला जाड काच आणि कुलूप त्याच वेळी बसलं. त्या ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो.

संध्याकाळी कामावरून परत आलो तर तळमजल्यावरच्या मावशी फलकापुढे उभ्या होत्या.

या मावशी म्हणजे निवृत्त परिचारिका. एकट्या राहतात, देवळात जावं तशा नेमानं दर रविवारी चर्चला जातात आणि तिथल्या गायकवृंदात गातात. इमारतीतल्या प्रत्येकाला त्या कधी ना कधी इंजेक्शन देऊन बसल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फारसा ताठ वागत नाही. माझं तर त्यांच्याशी नातं निराळंच आहे. माझी आई शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होती. मी आणि बायको दोघंही नोकरी करणारे. त्या दीड वर्षात मावशी रोज दुपारी वर येऊन आईजवळ बसल्या. तिचे केस विंचरायच्या, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, आणि ती रडली तर तिला रडू द्यायच्या. आम्ही कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. या बाईंचं मन माझ्याकडून दुखावलं जावं, यापेक्षा वाईट गोष्ट मला सुचत नाही.

त्या चष्मा नाकावर सरकवून वाचत होत्या. शेवटच्या अधोरेखित ओळीवर त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मी हसून विचारलं, कसं वाटलं मावशी? त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला पहिल्यांदाच बघताहेत. मग एक शब्द न बोलता त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

लेख मी पुन्हा वाचला, या वेळी मावशींच्या डोळ्यांनी. ज्या बाळासाठी ही बाई आयुष्यभर गात आली, त्या बाळाचा अर्ज मी फेटाळून जिन्याखाली टांगला होता. वर जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लिहिण्याआधी विचार करायचा असतो, आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

लेख काढता येत नव्हता. तेव्हा मी मंगळवारी सकाळी काचेवर बाहेरून एक शुद्धिपत्रक चिकटवलं. 'आधार नाही' याऐवजी 'आधाराचा शोध चालू आहे' असे वाचावे. त्यामुळे झालं एवढंच की ज्यांनी मूळ लेख वाचला नव्हता त्यांनीही तो वाचला.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समोरच्याला बाकावर उभं करण्याची नजर अजून गेलेली नाही. त्यांचं म्हणणं होतं की मी शुद्धिपत्रक काढून भेकडपणा केला आहे. नाताळ हा मुळात रोमन लोकांचा सण आहे, सूर्याचा. त्याआधीच्या आठवड्यात ते शेतीच्या देवाचा उत्सव करायचे, भेटी द्यायचे, मालक नोकरांना वाढायचे. सगळं आयतं उचललेलं आहे, आणि हे मी ठणकावून लिहायला हवं होतं. मी चहा पुढे केला. चहा संपेपर्यंत त्यांनी पुरवणी क्रमांक एक मला तोंडी सांगून लिहून घेतली आणि जाताना स्वतः काचेवर डकवली.

बुधवारी दुसऱ्या मजल्यावरचे हवामानवाले आले. हे हवामान खात्यात होते आणि अजूनही आभाळाकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाहीत. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, हेडमास्तरांचं साफ चुकतंय. सूर्याचा सण त्या तारखेला आधीपासून होता याचा भक्कम दाखला नाही. कदाचित ख्रिस्ती लोकांची तारीखच आधीची असेल. त्यांच्यातले काही जण मानत की येशू पंचवीस मार्चला आईच्या पोटात आला. त्यात नऊ महिने मिळवा. बोटं मोजून दाखवत त्यांनी मलाही मोजायला लावलं. त्यांची पुरवणी तीन पानांची होती आणि सोबत सूर्याचा आलेख होता. तो काचेच्या उरलेल्या भागावर लागला. मी दोन्ही बाजूंना चहा देऊन दोन्ही बाजूंचा शत्रू झालो होतो. हेडमास्तर मला कणाहीन म्हणत होते आणि हवामानवाले अभ्यासशून्य.

गुरुवारी सकाळी आठ वाजता नळाचं पाणी गेलं. टाकी धुवायची सूचना सेक्रेटरींनी जाण्याआधी काचेआड लावलेली होती. ती आता सूर्याच्या आलेखाखाली होती. हेडमास्तर डोक्याला साबणाचा फेस आणि कमरेला पंचा अशा अवस्थेत माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या मागे हवामानवाले अर्धी दाढी केलेले. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्याबद्दल होतं. रोमन लोकांचा एवढा अभ्यास केलास, पाणी कधी जाणार तेवढं लिहिता आलं नाही का, असं हेडमास्तर म्हणाले. पिण्याचं भरून ठेवलेलं पाणी मी दोघांना वाटून दिलं. मला त्या दिवशी कार्यालयात बिनआंघोळीचं जावं लागलं, याची कोणी साधी चौकशीही केली नाही.

पण खरं सांगतो, या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. मावशी बोलत नव्हत्या. बुधवारी मी त्यांची बेल वाजवली होती. त्यांनी दार फटीएवढं उघडलं, मला पाहिलं, गाल फुगवून जोरात मान हलवली, हातानं जा जा अशी खूण केली आणि दार लोटून घेतलं. पंधरा वर्षांत त्यांनी मला दारातून परत पाठवलेलं नव्हतं. रात्री जेवण गेलं नाही. मी माफीचं पत्र लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीत हातानं लिहिलं, 'विषय: भावना दुखावल्याबाबत. संदर्भ: सूचनाफलक.' बायकोनं खांद्यावरून ते वाचलं आणि कागद काढून घेतला. म्हणाली, हे दारातून सरकवलंस तर त्या इमारत सोडून जातील. मी तिला विचारलं की मग मी करू तरी काय. ती म्हणाली, काही करू नकोस, तेवढं तरी जमतंय का बघ.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मी टेबलावर होतो. माझ्या खिडकीपुढे लोकांनी येण्याची पद्धत नाही, अर्ज शेजारी द्यायचा असतो. तरी कोणीतरी खिडकीवर टकटक केली. मान वर केली तर मावशी. इस्त्रीची साडी, हातात पर्स, आणि पर्समधून काढलेली एक छोटी वही. शेजारची रांग त्यांच्यामागे वाकून बघत होती. तक्रार घेऊन आल्या आहेत, असंच मला वाटलं. मी उभा राहिलो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही काचेला लावली. माझा चष्मा टेबलावर राहिला होता आणि घाईत सापडेना. रांगेतले एक गृहस्थ मदतीला धावले, वही हातात घेतली आणि मोठ्यानं वाचू लागले.

"घसा बसलाय. डॉक्टरांनी चोवीस तारखेपर्यंत बोलायला बंदी केली आहे. गायचं आहे मला. परवा तू आलास तेव्हा तोंडात मिठाचं पाणी होतं."

चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं, आणि रांगेतल्या लोकांसमोर माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, मावशी, म्हणजे त्या लेखाचा तुम्हाला राग नाही आला? त्यांनी जोरात मान हलवली, वहीचं पान उलटलं, भरभर लिहिलं, आणि सोबत खिडकीतून एक कागद आत सरकवला. चष्मा तेवढ्यात सापडला. तो आमच्या कार्यालयाचा कागद होता. जन्मतारखेचा अर्ज अमान्य, तीन आठवड्यांपूर्वीचा, आणि खाली हातानं लिहिलेलं माझं वाक्य. तारीख आहे, परंतु तारखेस आधार नाही.

गृहस्थांनी पुढचं पान वाचलं. "तूच का रे तो?"

मी मान डोलावली. आपल्याच इमारतीतल्या, आपल्याच आईचे केस विंचरलेल्या बाईला मी एका क्रमांकावरून परत पाठवलं होतं, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला झोपही छान लागली होती.

मावशी मात्र खांदे हलवून हसत होत्या. आवाज न करता हसायचं असल्यामुळे त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी लिहिलं आणि गृहस्थांनी वाचलं, आता जरा रंगात येऊन. "खुद्द येशूलाच तू परत पाठवलंस, तिथे माझी काय कथा? फलक वाचला तेव्हाच कळलं की मी चांगल्या सोबतीत आहे."

मग त्यांनी सगळं लिहिलं. रांग वाट बघत होती, पण कोणी कुरकुर केली नाही. मावशी तान्ह्या असताना त्यांना कोणीतरी एका आता बंद पडलेल्या अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. जन्मतारीख कोणाला माहीत असणार? तिथल्या मोठ्या बाई अशा प्रत्येक मुलीला पंचवीस डिसेंबर ही तारीख द्यायच्या. त्यांच्या वेळी अकरा मुलींचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा. त्यातली एक आता परदेशात आजारी आहे आणि तिला भेटायला जायचं म्हणून पासपोर्ट हवा होता, पासपोर्टला तारीख हवी होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्यावर त्यांनी लिहिलं की ओळखीनं मिळालेली तारीख नको होती. आणि इतकी वर्षं वाढदिवस का लपवलात, असं विचारल्यावर लिहिलं, "त्या दिवशी आधीच एकाचा असतो. मध्ये मध्ये कशाला करायचं."

शेवटचं पान गृहस्थांनी वाचायला घेतलं आणि ते मध्येच थांबले. वही त्यांनी माझ्याकडे दिली. मीच वाचलं.

"तुझ्या लेखात सगळे भांडतात की दिवस कोणाचा, कोणी कोणाचा घेतला. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. कोणालाच माहीत नव्हतं, तरी कोणीतरी माझ्यासाठी एक दिवस ठरवला. मला तेवढं पुष्कळ होतं."

मी त्यांना खुर्ची दिली आणि खाली दप्तरखान्यात गेलो. बंद पडलेल्या संस्थांची दप्तरं आमच्याकडेच जमा होतात. हे मला एकोणीस वर्षं माहीत होतं. 'आधार नाही' याचा आमच्याकडचा अर्थ इतकाच असतो की कोणी दोन जिने उतरून पाहिलेलं नाही. दीड तास धूळ खाल्ल्यावर आश्रमाचं दप्तर सापडलं. अकरा मुलींची नावं, समोर एकाच अक्षरात एकच तारीख. मावशींच्या नावापुढे लिहिलं होतं, वय अंदाजे तीन महिने, जन्मतारीख पंचवीस डिसेंबर देण्यात आली.

साहेबांनी नेमकं त्या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं. म्हणाले, देण्यात आली म्हणजे जन्म झाला असं नव्हे, तुमचंच वाक्य लिहा आणि संपवा. एकोणीस वर्षांत मी साहेबांना उलट उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. मी म्हणालो, "साहेब, आपला जन्म आपल्यापैकी कोणाला आठवतो? कोणीतरी सांगितलं आणि आपण धरून चाललो. यांना सांगणाऱ्या बाईंनी निदान लिहून ठेवलंय, सही करून." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या जळमटांकडे पाहिलं, आणि मग दारातून दिसणाऱ्या मावशींकडे. बाहेरची रांग एव्हाना त्यांना कोणतं गाणं गाणार म्हणून विचारत होती. मग साहेबांनी सही केली.

दाखला हातात घेऊन मावशींनी तो तीनदा वाचला. मग माझा गाल थोपटला.

घरी येऊन बायकोला सांगितलं की मावशींचा घसा बसला होता. ती म्हणाली, सगळ्या इमारतीला माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, लेखकाला चार दिवस जरा तळमळू द्यावं असं वाटलं. मी रागवायला हवं होतं, पण मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोनदा भात वाढून घेतला.

सोमवारी सेक्रेटरी परतले. काचेची दशा पाहून त्यांचं तोंड उघडं राहिलं. ठरावाचे पंधरा दिवस पुरे व्हायचे होते, तरी सगळी पुरवणीपानं, सूर्याचा आलेख आणि माझा लेख त्यांनी स्वतःच्या अधिकारात काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता हवं तर एकच ओळ लिहा, त्याहून जास्त नाही. मी तिथेच पेन काढून लिहिली. त्यांनी या वेळी ती आधी वाचली, मग शिक्का मारला आणि काच लावली.

'पंचवीस डिसेंबरला तळमजल्यावरच्या मावशींचा वाढदिवस आहे. पुरावा उपलब्ध आहे.'

हेडमास्तर आणि हवामानवाले एकदमच खाली आले. दोघांनी चष्मे लावून ते वाचलं. हवामानवाल्यांनी सवयीनं आभाळाकडे पाहिलं. हेडमास्तरांनी आणखी एकदा वाचलं, आणि इतकंच विचारलं की किती वाजता यायचं.